संगणकातील ब्राउझर आपोआप बदलतो तेव्हा



इच्छापुर हे सीमेवरचे गाव. इंदूरहून निघालेला मार्ग बऱ्हाणपूर ओलांडून येथे पोहोचतो आणि पुढे मुक्ताईनगरच्या दिशेने महाराष्ट्रात शिरतो. इच्छादेवीच्या दर्शनाला दोन्ही राज्यांतील भाविक येतात, आणि या भागात सोयरीकही सीमारेषा पाहून जुळत नाही. त्यामुळे एकाच कुटुंबाला खसरा-खतौनीची नक्कल मध्य प्रदेशच्या संकेतस्थळावरून आणि सातबाराचा उतारा महाराष्ट्राच्या संकेतस्थळावरून घ्यावा लागणे, यात येथे नवल वाटत नाही. ज्याला कागद हवा असतो तो संगणकाकडे पाहत नाही, कागदाकडे पाहतो. परंतु कागद आणि तो मागणारा यांच्यामध्ये संगणकातील एक साधन उभे असते. त्याला ब्राउझर म्हणतात. हे साधन एका रात्रीत बदलले आणि सकाळी अर्ज भरण्याचे पान उघडेनासे झाले, तर मुदत मात्र कोणासाठी थांबत नाही.

असे का घडते, ते कसे रोखता येते आणि रोखताना कोणती खबरदारी घ्यावी, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

विंडोज या संगणक प्रणालीबरोबर इंटरनेट एक्सप्लोरर नावाचा ब्राउझर वर्षानुवर्षे अंगभूत येत असे. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीत त्याची सहावी आवृत्ती होती, आणि बहुतेक कार्यालयांची संगणकाशी खरी ओळख याच जोडीने झाली. साहजिकच शासकीय संकेतस्थळेही तिलाच प्रमाण मानून बांधली गेली.

मराठीच्या बाबतीत याला आणखी एक कारण होते. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर वेगवेगळ्या फॉन्टमध्ये टंकित होत असे. ज्या संगणकात तो फॉन्ट नसेल तेथे मराठीऐवजी रोमन अक्षरांचा व चिन्हांचा गोंधळ दिसे. यावर उपाय म्हणून पानासोबतच फॉन्ट पाठविण्याची सोय १९९७ साली इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीबरोबर आली. तिचा लाभ अनेक मराठी संकेतस्थळांनी घेतला. मात्र त्या प्रकारचा फॉन्ट अन्य ब्राउझरांना वाचता येत नसे. म्हणजे एकच पान एका ब्राउझरमध्ये शुद्ध मराठीत वाचावे आणि दुसऱ्यात त्याचा अर्थही लागू नये, अशी परिस्थिती होती. आपल्या भाषेचे अक्षर नीट दिसावे म्हणून जुना ब्राउझर जपणाऱ्या लेखनिकाला हट्टी म्हणणे अन्यायाचे होईल.

दुसरे कारण डिजिटल स्वाक्षरीचे. ई-निविदेसारख्या कामात अधिकाऱ्याची स्वाक्षरी एका छोट्या यूएसबी टोकनमध्ये असते. ती वाचण्यासाठी पुष्कळ ठिकाणी ॲक्टिव्हएक्स किंवा जावा ॲपलेट या जोडयंत्रणा वापरल्या गेल्या. जावा ॲपलेट ज्या जोडणीवर चालत ती क्रोमने २०१५ साली काढून टाकली आणि फायरफॉक्सने २०१७ साली. ॲक्टिव्हएक्स तर मुळातच इंटरनेट एक्सप्लोररचे. तेव्हा स्वाक्षरीच्या कामासाठी तोच एक ब्राउझर हाताशी उरला.

आता आपोआप होणाऱ्या बदलाकडे वळू. १८ ऑक्टोबर २००६ रोजी सातवी आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि ती सुरक्षिततेच्या दुरुस्त्यांप्रमाणेच स्वयंचलित अपडेटच्या मार्गाने पाठविण्याचे ठरले. त्या वेळी निदान पडद्यावर विचारणा होत असे: आता बसवावी, बसवू नये की नंतर विचारावे. जानेवारी २०१२ पासून मायक्रोसॉफ्टने ऑस्ट्रेलिया व ब्राझील येथून आरंभ करून, न विचारता नवी आवृत्ती बसविण्याचे धोरण क्रमाक्रमाने अमलात आणले. ज्यांनी पूर्वी स्पष्ट नकार दिला होता त्यांचा नकार मात्र मानला गेला. जुन्या आवृत्त्यांतील उणिवांचा फायदा घेऊन होणारे हल्ले पाहता हे धोरण चुकीचे होते असे म्हणता येत नाही. पण ज्या कार्यालयाचे पान नव्या आवृत्तीत चालत नव्हते, त्याचे काय?

त्याच्यासाठी मायक्रोसॉफ्टनेच एक कुलूप दिले होते. प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर स्वयंचलित वितरण थांबविणारे एक छोटे साहित्य विनामूल्य मिळे. ते करीत असे एवढेच: विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे संगणक आपल्या सर्व व्यवस्था ज्या नोंदवहीत लिहून ठेवतो तिच्यात, ‘ही आवृत्ती येऊ देऊ नये’ अशा अर्थाची एक नोंद करून तिची किंमत १ ठेवणे. अपडेटची यंत्रणा ती नोंद पाही आणि तेवढी एक गोष्ट वगळून बाकीच्या दुरुस्त्या बसवी. जिल्हा कार्यालयासारख्या ठिकाणी, जेथे अनेक संगणक एका जाळ्यात असतात, तेथे ग्रुप पॉलिसीद्वारे ही नोंद सर्वांवर एकदम करता येई. जेथे अपडेट कार्यालयाच्या स्वतःच्या मध्यवर्ती यंत्रणेतून वाटले जात, तेथे तर या कुलपाची गरजच नव्हती. संगणक-प्रशासकाने मान्यता दिली नाही की ती आवृत्ती खाली उतरत नसे.

या कुलपाच्या मर्यादाही ध्यानात घेण्यासारख्या आहेत. सातव्या आवृत्तीचे कुलूप आठवीला लागू होत नसे, तिच्यासाठी वेगळी नोंद करावी लागे. कोणी हाताने नवी आवृत्ती आणून बसविली तर कुलूप तिला अडवीत नसे. त्याला कालमर्यादा नव्हती हे खरे. मात्र याच्या आधी, २००४ साली विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकसाठी दिलेल्या अशाच कुलपाची मुदत १२ एप्रिल २००५ रोजी संपली होती आणि त्यानंतर तो सर्व्हिस पॅक आपोआप उतरू लागला.

या नेमक्या उपायाची माहिती नसल्याने पुष्कळ ठिकाणी जो मार्ग पत्करला जातो, तो घातक आहे. ब्राउझर बदलू नये म्हणून सगळीच अपडेट बंद करून टाकणे, हा तो मार्ग. ओसरीचा दरवाजा करकरतो म्हणून गावाची राखणच बंद करण्यासारखा हा प्रकार झाला. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला आणि असंख्य संगणकांतील दस्तऐवज त्याने कुलूपबंद केले. त्याने ज्या छिद्रातून प्रवेश केला ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १४ मार्चला, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधीच दिली होती. ज्या संगणकांची अपडेट बंद होती तेथे ती पोहोचलीच नाही. जमिनीच्या नोंदी, विद्यार्थ्यांचे दाखले आणि लाभार्थ्यांच्या याद्या ज्या यंत्रात आहेत, त्या यंत्रात एका पानाच्या सोयीसाठी हा धोका पत्करण्याचा अधिकार कोणत्याही कर्मचाऱ्याला नाही.

कुलूप लावून मिळतो तो अवकाश. त्या अवकाशात पान दुरुस्त व्हावयास हवे असते. ते झाले नाही तर पुढे काय होते, हे नंतरच्या वर्षांनी दाखविले. १२ जानेवारी २०१६ पासून प्रत्येक विंडोजवर तिला चालणाऱ्या सर्वांत नव्या आवृत्तीलाच आधार उरला. १५ जानेवारी २०२० रोजी एज हा ब्राउझर नव्या बांधणीत आला. त्याच्याही स्वयंचलित आगमनाला थांबविणारे कुलूप देण्यात आले होते, परंतु १५ जून २०२२ रोजी विंडोज १० वरील इंटरनेट एक्सप्लोरर निवृत्त झाला आणि १४ फेब्रुवारी २०२३ च्या बदलाने तो बहुतेक घरगुती व कार्यालयीन संगणकांवर कायमचा निष्क्रिय करण्यात आला. हा शेवटचा बदल विंडोजच्या नव्हे, तर एजच्या अपडेटबरोबर आला. विंडोजच्या दाराला जपून कुलूप लावणाऱ्यांना हे अनपेक्षित होते.

आज जुन्या पानावाचून ज्यांचे काम अडते, त्यांच्यासाठी एजमध्येच ‘इंटरनेट एक्सप्लोरर मोड’ ही सोय आहे. एजच्या सेटिंग्जमधील ‘डीफॉल्ट ब्राउझर’ या भागात जाऊन तिला परवानगी द्यावी, ब्राउझर पुन्हा सुरू करावा आणि आवश्यक त्या पानाचा पत्ता यादीत घालावा. मग ते एक पान जुन्या पद्धतीने उघडते, बाकीची नव्या पद्धतीने. येथे एक गोष्ट हमखास विसरली जाते: एकट्या संगणकावर अशा रीतीने घातलेला पत्ता ३० दिवसांनी यादीतून आपोआप गळतो. महिन्याने पान पुन्हा उघडेनासे झाले की संगणक बिघडला अशी तक्रार होते, प्रत्यक्षात पत्ता पुन्हा घालणे एवढेच करावयाचे असते. मध्यवर्ती यादी ग्रुप पॉलिसीने लावलेल्या कार्यालयांना ही अडचण येत नाही.

ही सोय किमान २०२९ पर्यंत राहील, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. तथापि तीही निर्धोक नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये हल्लेखोर याच मोडचा दुरुपयोग करीत असल्याचे उघडकीस आले आणि त्यानंतर बोटाच्या एका दाबाने तो सुरू करण्याची बटणे काढून टाकण्यात आली. फोनवरून किंवा एखाद्या अनोळखी पानावरून ‘हे पान जुन्या मोडमध्ये उघडा’ असे कोणी सांगितल्यास ते मुळीच ऐकू नये. यादीत केवळ आपल्या खात्याची, पत्ता तपासून घेतलेली पाने असावीत.

पान दुरुस्त करण्याचे काम अर्थातच ज्या त्या खात्याचे आहे. भारतीय भाषांसाठी युनिकोड हे ई-शासनाचे मानक म्हणून २००९ साली अधिसूचित झाले, आणि शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वेही त्याच वर्षी आली. युनिकोडमधील मराठी कोणत्याही ब्राउझरमध्ये, मोबाइलवरसुद्धा, सारखीच दिसते. शाळांतून जुन्या फॉन्टमधील प्रश्नपत्रिका व निकालपत्रके अजून सांभाळलेली असतील, तर ती सवडीने युनिकोडमध्ये उतरवून घेणे शिक्षकांना शक्य आहे. त्यासाठी रूपांतराची साधने उपलब्ध आहेत. मात्र रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासावे लागतात, कारण नेमक्या तेथेच चुका राहतात.

कार्यालयात व सेवा केंद्रात संगणकाजवळ एक साधी वही ठेवावी. कोणते पान जुन्या मोडमध्ये लागते, ते यादीत कोणत्या तारखेला घातले, ३० दिवस केव्हा पुरे होतात आणि पान दुरुस्त करण्याविषयी संबंधित खात्याला कोणत्या तारखेस लिहिले, एवढ्या चार गोष्टी तिच्यात असाव्यात. अर्जाची अंतिम तारीख जवळ आली असता ही वही पाहून पत्ता आदल्या दिवशीच पुन्हा घालून ठेवावा आणि पान उघडते की नाही ते पाहून घ्यावे.