डोक्याला मार लागला, झोप बिघडली

(सामुदायिक रेडिओवर झालेले भाषण)

रेडिओ लावून बसलेल्या सगळ्या ताया, मावश्या, आज्या, सगळ्यांना आमच्या बचत गटाचा नमस्कार. भाकरी थापता थापता ऐकत असाल तर थापत राहा, पण कान इकडे असू द्या.

आज आम्ही आमच्या एका चुकीबद्दल बोलणार आहोत. ज्या मैत्रिणीच्या बाबतीत ती झाली, तिला विचारूनच बोलतोय. ती म्हणाली, "माझं नाव घेऊ नका, पण सांगा. दुसरीच्या उपयोगी पडेल."

ती नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून बाजारातून येत होती. पदर चाकात गेला आणि ती डांबरी रस्त्यावर आपटली. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. मेंदूजवळ रक्त साकळलं, ऑपरेशन झालं, बारा दिवस दवाखान्यात काढले. घरी आली, टाके सुकले, केस परत उगवले. बघणाऱ्याला वाटावं, बाई बरी झाली.

पण तिची झोप पार उलटीपालटी झाली होती. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागायचा नाही. उठून ओट्यावर बसून राहायची. आणि दिवसा भाजी निवडता निवडता, मेथीची जुडी हातात तशीच, डोळे मिटायचे. सासूबाई म्हणायच्या, "रात्री जागते आणि दिवसा घोरते, ही कुठली रीत?" शेजारीपाजारी म्हणाले, बाहेरचं काहीतरी असेल, अंगारा लावा.

आणि आम्ही काय केलं? एका बैठकीत ती बसल्या बसल्या झोपली. पुढच्या दोन बैठकांना आलीच नाही. आम्ही नियमावर बोट ठेवून तिला दंड लावला. "कर्ज घेताना बरी जागी होती," असंही आमच्यातली एक बोलली. तिने दंडाचे पैसे सतरंजीवर ठेवले आणि काही न बोलता निघून गेली.

पुढे आशाताई तिला घेऊन जिल्ह्याच्या दवाखान्यात गेल्या. आमच्यातल्या दोघी सोबत होत्या. डॉक्टरबाईंनी जे सांगितलं ते ऐकून आम्हाला मान वर करवेना.

त्या म्हणाल्या, झोपेचं घड्याळ मेंदूतच असतं. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर ते लागतं. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि शरीराला कळतं, रात्र झाली. दिवसा जागं ठेवणारं द्रव्य वेगळं. मेंदूला मार लागला की या दोन्हींचा मेळ बिघडू शकतो. त्यात जखमी मेंदूला साध्या कामालाही जास्त जोर लावावा लागतो, म्हणून माणूस लवकर थकतं. डोकेदुखी, अपघाताची भीती, मनाची उदासी, काही औषधं, यांनीही झोप बिघडते. अशी दुखापत झालेल्यांपैकी साधारण निम्म्या जणांना झोपेचा काही ना काही त्रास होतो.

म्हणजे आमची मैत्रीण आळशी नव्हती. ती अजून आजारीच होती. हात मोडला तर प्लास्टर दिसतं, म्हणून कुणी घागर उचलायला सांगत नाही. तिचं दुखणं दिसत नव्हतं, एवढाच फरक.

आता तिला कशाचा उपयोग झाला ते सांगतो.

पहिली गोष्ट, वही. तिची सहावीतली मुलगी रोज लिहायची, आई कधी झोपली, कधी उठली, दिवसा किती वेळ झोपली. लिहिता येत नसेल तर चंद्र-सूर्य काढले तरी चालतं. दोन आठवड्यांची वही डॉक्टरांना दाखवली की त्यांनाही नेमकं कळतं.

दुसरी, उठायची वेळ एकच. रात्री झोप कितीही उशिरा लागो, सकाळी सहाला उठायचं आणि अर्धा तास अंगणात उजेडात बसायचं किंवा फिरायचं. मेंदूतलं घड्याळ सकाळच्या उजेडावर पुन्हा लागतं.

तिसरी, दुपारची झोप. ती जेवणानंतर, तीनच्या आत आणि अर्ध्या तासाच्या वर नाही. मुलगी शाळेत असली तर सासूबाई उठवायच्या. पण एक ध्यानात ठेवा. अपघातानंतर सुरुवातीच्या दिवसांत मेंदू भरून येत असतो, तेव्हा झोप जास्तच लागते. ती मोडू नका. हा नियम कधी सुरू करायचा ते डॉक्टरांना विचारा.

चौथी, चहा आणि मिश्री. दुपारनंतर चहा बंद, कारण त्याची तरतरी कितीतरी तास अंगात राहते. मिश्रीतल्या तंबाखूचंही तसंच. आमच्या मैत्रिणीला चहा सोडणं सोपं गेलं, मिश्रीने मात्र दोन महिने छळलं.

पाचवी, झोपायच्या आधी तासभर टीव्ही आणि मोबाईल बंद. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडू नये. उठून मंद उजेडात शांत बसावं, डोळे जड झाले की परत आडवं व्हावं.

सहावी, कामाची वाटणी. डोकं लागणारं काम सकाळी, थोडं थोडं, मध्ये विश्रांती. झापड येत असेल तर चुलीपाशी, विळीवर किंवा विहिरीवर एकटीने जायचं नाही. गाडी तर चालवायचीच नाही.

काय करू नये तेही ऐका. दुसऱ्याच्या झोपेच्या गोळ्या घेऊ नका, मेडिकलमधून मनाने आणू नका. जखमी मेंदूवर त्यांनी गोंधळ वाढतो, तोल जातो. फिट येऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्यांनी सुस्ती वाटली तरी त्या आपल्या मनाने थांबवू नका, डॉक्टरांना सांगा. घरात पुरुषाला मार लागला असेल तर तो म्हणेल, थोडी घेतली की झोप येते. दारूने डोळा लागतो, पण मध्यरात्री उडतो, आणि फिट येण्याचा धोकाही वाढतो. झोपेत जोराने घोरताना श्वास अडकत असेल तर तेही डॉक्टरांना जरूर सांगा, त्यावर वेगळा इलाज आहे.

आणि हे तर प्रत्येकीने पाठ करून ठेवावं. सुस्ती वाढत चालली, उठवूनही माणूस नीट जागं होईना, डोकेदुखी वाढली, सारख्या उलट्या झाल्या, बोलणं अडखळलं, एका बाजूचा हातपाय लुळा पडला किंवा फिट आली, तर ही झोप नाही. लगेच १०८ नंबरची गाडी बोलवा. मार लागून काही आठवडे झाले असले तरीही, कारण डोक्यात रक्त हळूहळूही साकळू शकतं. म्हाताऱ्या माणसांत हे जास्त होतं.

सांभाळणाऱ्या बाईचीही झोप महत्त्वाची. आमच्या मैत्रिणीच्या सासूबाई चार महिने रात्री जागत होत्या, त्यांची चिडचिड त्यातूनच आली होती. मग नवरा आणि सासूबाईंनी रात्री वाटून घेतल्या. मन फार खचत असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फोन करा. तो मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं.

आज ती पूर्ण बरी आहे असं आम्ही म्हणणार नाही. अजून आठवड्यातून एखादी रात्र जागरणात जाते. पण दिवसा भाजी निवडून होते, आणि गटाचा हिशोब ती पुन्हा लिहायला लागली आहे. तिच्यासाठी आम्ही बैठक संध्याकाळवरून सकाळी दहावर आणली. दंड परत केला. आणि गटाचा नियम बदलला. आता कुणी दोनदा आली नाही, तर दंड लावण्याआधी दोघींनी तिच्या घरी जाऊन यायचं.

तुमच्याही गावात डोक्याला मार लागलेलं कुणी असेल. आज उद्यात एक चक्कर मारा आणि विचारा, रात्री झोप लागते का?

गाडीवर बसताना पदर नीट खोचा, आणि मागे बसलात तरी हेल्मेट मागा. कायदा दोघांनाही हेल्मेट घालायला सांगतो.

येतो आम्ही. नमस्कार.