वसंत देसाई : एका कारकीर्दीचा फेरविचार



ज्याने आयुष्यात एकही चाल बांधली नाही, ज्याची संगीतसेवा पहिल्या रांगेतल्या खुर्चीपलीकडे कधी गेली नाही, अशा माणसास चित्रपट-संगीताच्या परिषदेचे अध्यक्षपद देण्याचे धाडस आपण केले आहे. त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. या धाडसाचे परिणाम मात्र पुढील काही वेळ आपणांसच सोसावे लागणार आहेत. अध्यक्षाने समग्र विषयाचा आढावा घ्यावा, असा शिरस्ता आहे. तो मोडण्याची परवानगी मी प्रारंभीच मागून घेतो, कारण आढाव्यात नावे पुष्कळ येतात आणि विचार थोडा होतो. मी आज एकाच कारकीर्दीविषयी बोलणार आहे. ती कारकीर्द आहे वसंत देसाई यांची.

देसाई यांचे नाव या सभागृहात कोणास अपरिचित नाही. परंतु हा परिचय आपण कोणत्या मार्गाने करून घेतला, याचा थोडा विचार करावा. त्यांची गीते आपण ऐकली, शाळेच्या प्रार्थनेत म्हटली, आकाशवाणीवरून पुनःपुन्हा कानी घातली. आणि त्या गीतांच्या जमाखर्चावरून त्यांचे स्थान ठरवून मोकळे झालो. या पद्धतीने हिशेब केला, तर समकालीन संगीतकारांत त्यांची गणना आदराने, परंतु दुसऱ्या ओळीत होते. माझे म्हणणे असे की हा हिशेबच चुकीच्या वहीत मांडलेला आहे. देसाई हे गीतांच्या चाली बांधणारे गृहस्थ होते, ही गोष्ट खरी असली तरी अपुरी आहे. ते प्रथमतः आणि स्वभावतः चित्रपटाचे संगीतकार होते, म्हणजे ज्या संगीताला शब्दांचा आधार नाही, ज्याला टाळ्या मिळत नाहीत आणि जे प्रेक्षकाच्या लक्षात आले तर बहुधा फसलेलेच असते, त्या पार्श्वसंगीताचे अधिकारी पुरुष होते.

आपल्या टीकेने या अंगाकडे दुर्लक्ष केले, याचे कारण अरसिकता नव्हे, व्यापार आहे. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटांचे संगीत मावत असे. त्या मापात गीत बसले, म्हणून गीत विकले गेले, घरोघर वाजले आणि त्याच्यावर लेख लिहिले गेले. पार्श्वसंगीत मात्र फितीच्या कडेला चिकटून राहिले. चित्रपट थिएटरातून उतरला की तेही उतरले. जे बाजारात आले तेवढेच टीकाकाराच्या टेबलावर आले, आणि पुढे आपण त्यालाच इतिहास मानले.

देसाई यांचा जन्म ९ जून १९१२ रोजी, तत्कालीन सावंतवाडी संस्थानात, कुडाळनजीकच्या सोनवडे येथे झाला. दक्षिण कोकणचा तो मुलूख कीर्तनाचा, भजनाचा आणि दशावताराचा. कीर्तनात बुवांच्या मागे उभा राहणारा साथीदार पूर्वरंग कोठे संपतो, आख्यानाला कोठे वळण लागते आणि आपल्या टाळाने कोठे गप्प बसायचे, हे बुवांच्या पाठीकडे पाहून ओळखतो. पार्श्वसंगीतकाराचे सारे शास्त्र या ओळखण्यातच आहे. देसाईंना ते बाळपणीच उमगले असे मी म्हणणार नाही, कारण चरित्रकारांची ती खोड मला मान्य नाही. हे शास्त्र ते नोकरीत शिकले.

ती नोकरी प्रभात फिल्म कंपनीची. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या त्या संस्थेत हा कोवळा तरुण दाखल झाला, तेव्हा चित्रपटास अद्याप वाचा फुटावयाची होती; म्हणूनच १९३० च्या ‘खुनी खंजीर’ या मूकपटात तो नट म्हणून दिसला, आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला तेव्हा त्यात त्याने गळाही चालवला. प्रभातचा कारभार एखाद्या जुन्या वाड्यातील एकत्र कुटुंबासारखा होता असे जे सांगतात, त्यात स्मरणरंजनाचा भाग वगळला तरी एवढे तथ्य उरते की तेथे माणसाने एकच काम करावे असा दंडक नव्हता. नटाने गावे, गायकाने तालमीत साथ करावी, साथीदाराने चित्रीकरणाच्या वेळी हजर असावे, असा तो रिवाज. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे आणि मास्टर कृष्णराव या तिघांच्या हाताखाली देसाईंनी उमेदवारी केली. या तीन गुरूंच्या तीन तऱ्हा लक्षात घ्या : टेंबे हे हार्मोनियमच्या सुरावटीतून नाट्यपदाची परंपरा पडद्यावर आणणारे, मास्टर कृष्णराव हे भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, रागदारीचा अखंड झरा, आणि भोळे हे टीकाकाराची बुद्धी घेऊन संगीत करणारे, प्रसंगाला काय हवे याचा प्रश्न आधी विचारणारे. पहिल्या दोघांकडून देसाईंना सूर मिळाले, तिसऱ्याकडून शिस्त.

भोळ्यांच्या शिस्तीचा सर्वांत कठोर दाखला म्हणजे १९३७ चा ‘कुंकू’. दिग्दर्शक व्ही. शांताराम ऊर्फ शांतारामबापू यांच्या त्या चित्रपटात रूढ अर्थाचे पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. घड्याळाची टिकटिक, घरातले आवाज, रस्त्यावरची वर्दळ यांच्याच बळावर वृद्ध वर आणि तरुण वधू यांचा तो कोंडलेला संसार उभा केला आहे, आणि नायिका गाते तेव्हाही साथीला घरातल्याच वस्तू येतात. वाद्यवृंद हाताशी असून तो न वाजवण्याचा हा निर्णय ज्या संस्थेत घेतला गेला, त्याच संस्थेत देसाई तेव्हा पंचविशीत वावरत होते. संगीतकाराच्या शिक्षणात मौनाचा पाठ इतक्या लवकर मिळणे, हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्यास येते.

येथे थोडे विषयांतर करून या पेशाच्या अडचणी सांगतो, कारण त्या ठाऊक नसल्या म्हणजे कौतुक वायफळ होते. ध्वनिपटाची पस्तीस मिलिमीटरची फीत सेकंदाला चोवीस चित्रे या वेगाने, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट धावते. दिग्दर्शक संगीतकाराकडे संकलित रीळ देतो आणि अमुक फुटांपासून तमुक फुटांपर्यंत संगीत हवे असे सांगतो. मैफलीत गवयाला राग खुलवण्यास जेवढा अवकाश लागेल तेवढा तो घेतो. येथे विलापाला वीस सेकंदांची मुदत असते, आणि एकविसाव्या सेकंदाला दार उघडून कोणी तरी बोलू लागते. त्यात आपले संगीत मुळात आलापाचे, हळूहळू चढत जाणारे. पाश्चात्त्य वाद्यवृंदाला स्वरसंवादाच्या एका फटक्यात भाव पालटता येतो. आपल्याकडे एकाच सुराच्या लगावावर ते काम करावे लागते. रागाची प्रकृती न मोडता त्याला फुटांच्या हिशेबात बसवणे, हा भारतीय पार्श्वसंगीताचा मूळ प्रश्न आहे, आणि देसाईंची कारकीर्द म्हणजे त्या प्रश्नाला दिलेली अनेक उत्तरे होत.

१९४२ साली शांतारामबापूंनी प्रभात सोडून परळला राजकमल कलामंदिराची स्थापना केली, आणि १९४३ च्या ‘शकुंतला’पासून देसाई तेथील संगीताचे सूत्रधार झाले. पुढच्या दशकभरातले विषय पाहा : कालिदासाचे तपोवन, मग सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे चीनमधील रणांगण, मग ‘लोकशाहीर रामजोशी’मधली पेशवाई आणि तिची डफ-तुणतुण्याची शाहिरी, आणि १९५१ साली ‘अमर भूपाळी’, होनाजी बाळाची कथा. ‘अमर भूपाळी’ तर ध्वनिमुद्रणाच्या गुणवत्तेसाठी कान महोत्सवात गौरवली गेली. हा मान तांत्रिक होता असे म्हणून आपण तो बाजूला ठेवतो. परंतु ढोलकीची थाप, गायकाचा श्वास आणि पहाटेची शांतता एकाच फितीवर न गुदमरता नांदू शकली, तर त्याचे श्रेय यंत्रापुरते मर्यादित कसे ठेवावे? दरम्यान राजकमलबाहेर, आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या ‘श्यामची आई’ला देसाईंचेच संगीत होते, आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्या चित्रपटास मिळाले.

आता १९५५ या सालापाशी मी किंचित थांबतो. त्या एकाच वर्षी दोन चित्रपट आले, आणि भारतीय चित्रपट-संगीताच्या दोन वाटा त्यांनी स्पष्ट केल्या. कलकत्त्यास सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’चे संगीत पंडित रविशंकरांनी एका रात्रीच्या बैठकीत, मोजक्या वाद्यांवर पुरे केले, आणि मुंबईस ‘झनक झनक पायल बाजे’ टेक्निकलरच्या वैभवात अवतरला. शीर्षकगीतास उस्ताद अमीर खाँ, तबल्यास पंडित सामताप्रसाद, आणि पार्श्वसंगीतातील एका प्रसंगासाठी संतूर घेऊन आलेला जम्मूचा तरुण शिवकुमार शर्मा, असा तो सरंजाम. अभिजात संगीत लोकांपर्यंत पोचवण्याचे श्रेय या चित्रपटास निःसंशय दिले पाहिजे. जे वाद्य तोवर काश्मीरबाहेर फारसे कोणी ऐकले नव्हते, त्याला पडद्यावर आसन देणे हीही लहान गोष्ट नव्हे. तथापि पार्श्वसंगीत म्हणून न्याय करावयाचा तर माझा कौल मुंबईकडे नाही. ‘झनक झनक’मध्ये संगीत प्रसंगाच्या मागे उभे राहत नाही, ते त्याच्यापुढे येऊन मुजरा करते, घुंगरांच्या आणि रंगांच्या त्या दाटीत कानाला विसावा मिळत नाही. देसाईंचे पुष्कळ चाहते हाच त्यांचा कळस मानतात, आणि त्यांच्याशी माझे दीर्घकाळचे भांडण आहे.

कारण खरा कळस दोनच वर्षांनी आला. ग. दि. माडगूळकरांची कथा, औंध संस्थानातील खुल्या कारागृहाचा प्रयोग, सहा खुनी कैदी आणि एक जेलर, रंग नाही, महाल नाही, माळरान तेवढे आहे : ‘दो आँखें बारह हाथ’. तंत्राचे सारे वैभव काढून घेतल्यावर देसाईंच्या हाती पुन्हा ‘कुंकू’चा वारसा आला. खेळणी विकणाऱ्या चंपेच्या हातातील साध्या वाद्याचा नाद त्या ओसाड माळावर ऐकू येतो, तेव्हा कैद्यांच्या जगात बाहेरचे जग शिरत आहे, हे सांगण्यास संवाद लागत नाही. त्यातील प्रार्थना चित्रपटाच्या बाहेर पडून देशभरच्या शाळांत गेली, हे सर्वांस माहीत आहे. ती तशी जाऊ शकली, कारण कसलेल्या गळ्यासाठी ती बांधलीच नव्हती. अशिक्षित कैद्यांनी म्हणावयाची म्हणून ती सोपी, थोड्या स्वरांत फिरणारी; आणि प्रसंगाची ही निकड पाळल्यामुळेच ती लेकरांच्याही गळ्यास मानवली. गीत आणि पार्श्वसंगीत यांची फारकत करणाऱ्यांनी या उदाहरणापाशी थबकावे.

१९५९ च्या ‘नवरंग’ला संगीत सी. रामचंद्रांचे आले. राजकमलचा आश्रय असा शिथिल झाल्यावर देसाई थांबले नाहीत. त्याच वर्षी ‘गूँज उठी शहनाई’त बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई त्यांनी कथानायकाच्या तोंडी दिली. परंतु मला विशेष मोल वाटते ते १९६४ च्या ‘यादें’चे. सुनील दत्त यांचा हा चित्रपट एकपात्री. रिकाम्या घरी परतलेला नवरा आणि त्याच्या आठवणी. समोर दुसरे माणूसच नसल्यामुळे रुसवा, संशय, पश्चात्ताप यांना उत्तर देण्याचे काम ध्वनीवर येऊन पडते. पार्श्वसंगीत येथे दुसरे पात्र होते. पुढे १९७३ साली गुलजारांच्या ‘अचानक’मध्ये तर एकही गीत नाही. गीतावाचून हिंदी चित्रपट म्हणजे संगीतकाराला अन्नावाचून ठेवणे, असे मानणाऱ्या काळात दिग्दर्शकाने या कामासाठी साठी गाठलेल्या देसाईंना बोलवावे, यात व्यवसायातील जाणत्यांनी त्यांना कशासाठी ओळखले होते, याची पुरेशी रुजुवात होते.

इतर कामगिरीचा उल्लेख धावताच करतो. ‘आशीर्वाद’ आणि ‘गुड्डी’. रंगभूमीवर ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘जय जय गौरीशंकर’, ‘देव दीनाघरी धावला’. १९६६ साली संयुक्त राष्ट्रसंघात एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी गायिलेल्या, कांचीच्या परमाचार्यांच्या संस्कृत शांतिगीताची चाल. शाळकरी मुलांच्या समूहगानाचा ध्यास. २२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात त्यांचा अंत झाला. मृत्यूच्या दिवसापर्यंत ते कामात होते.

आता परिषदेपुढे माझी मागणी ठेवतो. प्रभात पुढे कोल्हापुराहून पुण्यास आली; तिच्या तेथील आवारात आज चित्रपटविद्येची राष्ट्रीय संस्था आहे, आणि जवळच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. २००३ सालच्या आगीत नायट्रेटच्या जुन्या फिती मोठ्या संख्येने भस्मसात झाल्या, हे आपण जाणता. फितींची ही गत, तर पार्श्वसंगीताच्या स्वरलेखनाच्या वह्या, वादकांच्या हजेऱ्या, फुटांचे हिशेब लिहिलेले कागद यांची काळजी कोण घेणार? ते कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या ट्रंकेत आहेत. वाळवी त्यांची वाट पाहत आहे. ज्यांच्या घरी असे दप्तर असेल, त्यांनी ते संग्रहालयाकडे सोपवावे. ज्या वादकांनी त्या काळी ही कामे केली, त्यांच्यापैकी जे हयात आहेत, त्यांच्या आठवणी परिषदेने आपल्या खर्चाने या वर्षीच ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. आणि चित्रपट-संगीताचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या तरुण अभ्यासकांनी गीतांच्या याद्या थोड्या दूर ठेवून, ‘दो आँखें’, ‘यादें’ आणि ‘अचानक’ हे तीन चित्रपट एकदा डोळे मिटून ऐकावेत. या आशयाचा ठराव मी कार्यवाहांकडे लेखी दिला आहे. उद्याच्या खुल्या अधिवेशनात तो आपण संमत करावा, अशी माझी विनंती आहे.