अपघाताचा दावा आणि आपली ज्युनियर वकील मुले
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमातील भाषण)



आपल्या वस्तीतली पोरं-पोरी आता वकील होऊ लागली आहेत. सनद मिळाली की आपण सत्कार करतो, शाल घालतो. पण दुसऱ्या दिवसापासून ते लेकरू काय काम करते, हे आपण विचारत नाही. आम्ही गिरणी कामगार. भरपाईच्या दाव्यांत जखमी कामगारांबरोबर कोर्टाच्या बाकावर पुष्कळ वर्षे बसलो. तिथे पाहिले तेवढेच सांगतो.

अपघाताचे दावे चालविणाऱ्या सिनियरकडे ज्युनियर लागला, की सुरुवातीची वर्षे त्याला फारसे बोलायला मिळत नाही. त्याचे काम कागदांचे. पोलीस ठाण्यातून एफ.आय.आर. आणि घटनास्थळाचा पंचनामा आणायचा, इस्पितळातून जखमेचा दाखला, माणूस दगावला असेल तर शवविच्छेदनाचा अहवाल. गाडीची विमा पॉलिसी शोधायची, तारखा सांभाळायच्या. लोक म्हणतात, हा तर कारकून झाला! तसे नाही, बांधवांनो. दावा उभा राहतो तो या कागदांवरच.

हिशेब करून बघा. 30 वर्षांचा माणूस, पक्की नोकरी नाही, ट्रकखाली गेला. मागे बायको आणि दोन मुले. सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 आणि 2017 च्या निकालांप्रमाणे त्याच्या कमाईत पुढील वाढ म्हणून 40 टक्के मिळवतात, त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा करतात आणि वर्षाच्या रकमेला 17 ने गुणतात. म्हणजे महिन्याची मजुरी नुसती 1,000 रुपयांनी कमी सिद्ध झाली, तर त्या बाईचे 1,90,400 रुपये बुडाले! मुकादमाची वही, पगाराची चिठ्ठी, बँकेचे पासबुक कोण हुडकून काढतो? ज्युनियरच.

तीच गोष्ट अपंगत्वाची. 1923 च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर 30 टक्के, तर्जनी गेली तर 14 टक्के असे लिहिलेले होते. तो विषय आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. परंतु डॉक्टरचा टक्का आणि पोटाचा टक्का एक नसतो. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाचे म्हणणे, हे अपंगत्व अंशतः आहे. 1975 साली सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची ताकद पूर्ण गेली असेच धरले. तेव्हा ज्युनियरने दाखल्यावरचा आकडा उतरवून थांबू नये. कामगाराजवळ बसून विचारावे, तू साच्यावर काय करत होतास? तुटलेला धागा कोणत्या बोटांनी सांधत होतास?

आता त्या ज्युनियरच्या पोटाचे बघू. शहरात महिना 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावे, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये सुचविले. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. आम्ही पाहिलेल्या कित्येक मुलांना गाडीभाड्यापुरतेच मिळत होते. मग मोह होतो. इस्पितळाच्या दारात उभे राहा, केस आणा, भरपाईत टक्केवारी ठरवा. भरपाईत वाटा ठरवून फी घेणे आणि अशील गोळा करत फिरणे, दोन्हींना वकिलांच्या नियमांत मनाई आहे. आणि कायद्याचे सोडा, त्या पैशात विधवेच्या पोरांची शाळा असते!

पण उपाशी पोराला नुसता उपदेश करून काय होणार? म्हणून आमची विनंती आहे. शाल कमी करा, पण पहिली तीन वर्षे त्याचा रेल्वे-बसचा पास आणि कायद्याची पुस्तके वस्तीने उचलावीत. त्या बदल्यात त्याने महिन्यातून एक रविवार इथे बसून लोकांचे कागद तपासावेत. आणि एक गोष्ट प्रत्येक घरात सांगावी. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तिथे अर्ज द्यायचा.

अपघात झाला की दलाल पहिल्या दिवशी पोचतो. आपला शिकलेला मुलगा त्याच्या आधी पोचला पाहिजे, एवढी व्यवस्था आपण करू या.