रस्त्याकडची बाजू आपली



संध्याकाळी पुण्यातल्या कुठल्याही वस्तीत कुत्र्याला फिरवायला निघालेली मंडळी दिसतात. एका हातात दोरी, दुसऱ्या हातात मोबाइल. मला भीती वाटते ती त्या दोरीची. हल्ली बटण दाबलं की सुटत जाणाऱ्या, ५ मीटर लांबीच्या दोऱ्या मिळतात. मोकळ्या मैदानात त्या उत्तम. पण रस्त्याची एक मार्गिका साधारण ३.५ मीटर रुंद असते. म्हणजे तुम्ही कडेला आणि कुत्रा थेट गाड्यांच्या वाटेत. ताशी ४० किलोमीटरने येणारी स्कूटर एका सेकंदात ११ मीटर पुढे येते; दोरी आवरेपर्यंत तो सेकंद गेलेला असतो. रस्त्यावर साधी, दीड मीटरची दोरी घ्या, आणि मोबाइल खिशात ठेवा.

पदपथ असलाच तर त्यावर दुचाक्या लावलेल्या असतात. नाइलाजाने खाली उतरावं लागलं, तर रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, म्हणजे जवळून जाणारी गाडी समोरून येताना दिसते. कुत्रा आपल्या उजव्या हाताला ठेवा. रस्त्याकडची बाजू आपली. शिकवणारे बहुतेक जण कुत्र्याला डावीकडे चालायची सवय लावतात. दोन्हीकडे चालायला शिकवून घ्या, असा माझा आग्रह आहे. अंधार पडल्यावर काळा किंवा तपकिरी कुत्रा गाडीवाल्याला दिसतच नाही, तेव्हा गळ्यात उजेडाने चमकणारी पट्टी हवी.

सगळ्यात जपायची जागा म्हणजे गल्लीचं तोंड. तिथली कुत्री आपली हद्द राखत बसलेली असतात. ती भुंकत अंगावर आली की आपला कुत्रा बिचकून मागे सरतो. मान खाली घालतो, कान पाडतो, उलटा जोर लावतो आणि गळ्यातला पट्टा डोक्यावरून सुटून येतो. पट्टा आपल्या हातात, कुत्रा रस्त्यात! पट्ट्याखाली जेमतेम दोन बोटं जावीत, इतकाच तो सैल ठेवा. बुजऱ्या कुत्र्याला छातीवरून बांधायचा, अंगाला नीट बसणारा हार्नेसही घाला आणि दोरी दोन्हींत अडकवा. दिवाळीत तर हे कराच, आणि फटाके सुरू व्हायच्या आत त्याला फिरवून आणा.

तरीही सुटून पलीकडे गेला, तर त्याला हाक मारू नका. आपला आवाज ऐकताच तो गाड्या न बघता सरळ धावत येईल. ज्या आज्ञाधारकपणाचं आपण कौतुक करतो, तोच इथे जिवावर बेततो. हात उंच करून 'बस' म्हणा आणि रस्ता आपण ओलांडा. लांबून दिलेली ही खूण त्याने पाळावी, म्हणून रोज मैदानात सराव करून घ्या.

आणि धक्का लागलाच, तर पायांना धरून उचलू नका. चादर किंवा ओढणी पसरून तिच्यावर अलगद सरकवा. वेदनेत घरचा कुत्राही चावतो, म्हणून तोंडापाशी हात नेताना जपा. कधी कधी तो लगेच उठतो, शेपूट हलवतो, चालूही लागतो. त्यावर विसंबू नका. पोटात रक्तस्राव होत असला तरी तो वरून कळत नाही. चालत असला तरी त्याला ताबडतोब पशुवैद्यांकडे न्या.