घिरट्या नव्हे, होल्डिंग

पावसाळ्यात विमान उतरायला उशीर झाला की दुसऱ्या दिवशी बातमी येते, ‘विमानाच्या आकाशात घिरट्या’. घिरट्या घालते घार. विमान करतं ते होल्डिंग, आणि त्याला आकार आहे, वेळ आहे.

पुढच्या वेळी खिडकीपाशी बसलात तर हातातलं घड्याळ बघा. विमान एका ठरलेल्या बिंदूवर येतं. त्याला फिक्स म्हणतात. तिथून सहसा उजवीकडे वळतं, एक मिनिट सरळ जातं, पुन्हा उजवीकडे वळून फिक्सकडे परततं. वळताना दर सेकंदाला साधारण ३ अंश, म्हणजे अर्धं वळण एका मिनिटात. पंखावरचं ऊन पलीकडच्या खिडक्यांत जातं आणि साधारण ४ मिनिटांनी पुन्हा तुमच्या मांडीवर येतं. १४,००० फुटांच्या वर सरळ बाजू दीड मिनिटाची. तुमच्या हजार फूट खाली दुसरं विमान हीच फेरी मारत असतं. ते सुटलं की तुम्ही एक पायरी उतरता.

धावपट्टीजवळ येऊन न टेकता पुन्हा वर जाणं, ते गो-अराउंड. तीही घिरटी नव्हे.

एवढा काटेकोरपणा कशाला? २५ जानेवारी १९९० ची रात्र आठवते. कोलंबियाहून न्यूयॉर्कला निघालेलं आविआंकाचं बोइंग ७०७ खराब हवेमुळे तीन वेळा होल्डिंगमध्ये थांबलं, एकूण १ तास १७ मिनिटं. सहवैमानिकाने नियंत्रकाला प्राधान्य मागितलं. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला, तेव्हा कॅप्टनने त्याला स्पॅनिशमध्ये बजावलं की आणीबाणी आहे असं सांग. त्याने इंधन संपत आल्याचं सांगितलं. ‘इमर्जन्सी’ हा शब्द मात्र रेडिओवर गेलाच नाही. नियंत्रकांनी विमानाला पुन्हा रांगेतून फिरवून आणायला घेतलं. चारही इंजिनं बंद पडली. लाँग आयलंडवरच्या कोव्ह नेक इथे १५८ पैकी ७३ माणसं गेली. मला त्या सहवैमानिकाचा राग येत नाही. आपण सांगितलं, अशीच त्याची समजूत होती.

आता शब्द ठरलेले आहेत. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे आणखी विलंब परवडणार नाही. आणि उतरताना ३० मिनिटांचा अखेरचा साठाही उरणार नाही असं दिसलं, की वैमानिकाने तीनदा ‘मेडे’ म्हणायचं आणि पुढे जोडायचं, ‘फ्युएल’.