एका ओळीतली फातिमा

(आर्णी इथे तरुणांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



जानेवारी २०२५ मध्ये एका नामवंत पत्रकाराने समाजमाध्यमावर लिहिलं, की फातिमा शेख कधी झालीच नाही, ते पात्र मीच रचलं. त्या दिवशी मला आपल्याच पोरांचे मेसेज आले. ‘भाई, आपण इतकी वर्षं खोटं सांगत होतो का?’

नाही. सावित्रीबाई आजारी पडून नायगावला गेल्या होत्या. तिथून १० ऑक्टोबर १८५६ला त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. आपण नसल्यामुळे फातिमावर कामाचा ताण पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असं त्यात आहे. हे पत्र मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात १९८८ साली छापलं गेलं. म्हणजे ही बाई कुणी हल्ली सोशल मीडियावर जन्माला घातलेली नाही.

पण एवढंच. एक ओळ. तीही दुसऱ्या बाईच्या पत्रात, आणि ती बाई रजेवर होती म्हणून! जोतीरावांची पुस्तकं आहेत, सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ १८५४चा आहे. फातिमाच्या हातचं काहीच आपल्यापुढे नाही.

मग आपण काय केलं? रिकाम्या जागा मनाने भरल्या. ९ जानेवारी ही जन्मतारीख आपण दरवर्षी फॉरवर्ड करतो. २०२२ला गुगलनेही त्या दिवशी डूडल काढलं. त्या तारखेला त्या काळच्या कागदाचा आधार नाही. मीही ती फॉरवर्ड केली आहे, हे इथे कबूल करतो. अशी एक कच्ची तारीख पकडली की समोरचा खऱ्या पत्रालाही खोटं म्हणायला मोकळा.

माझ्या धंद्यात सर्व्हरच्या लॉगमध्ये नोंद नाही म्हणून काही घडलंच नाही, असं कुणी म्हणत नाही. नोंद कशाची ठेवायची, हे आधी कुणीतरी ठरवलेलं असतं. पण नोंद सापडत नाही म्हणून स्वतः लिहून टाकली, तर नोकरी जाते.

आता आपल्या गावाचं बघा. बाबा कंबलपोश यांचं नाव आर्णीत लहान पोरालाही माहीत आहे, कारण दरवर्षी यात्रा भरते, सगळ्या धर्मांचे लोक येतात. माझी दादी मोहल्ल्यातल्या मुलींना ओसरीवर बसवून शिकवायची. उर्दू, हिशोब, आणि मराठीत सही. तिचा एकही फोटो नाही. कबर कच्ची, मातीची. गेल्या वर्षी अब्बांना विचारलं, तर दोन उंचवट्यांपुढे ते थांबले आणि म्हणाले, ‘ह्यातली एक.’

दादीच्या हाताखाली शिकलेल्या तिघीजणी अजून हयात आहेत. पुढच्या दहा वर्षांत त्याही नसतील.

सभा संपल्यावर मी वही घेऊन मागच्या खुर्चीवर बसणार आहे. घरातल्या, गल्लीतल्या अशा एकीबद्दल सांगा. नाव, काय काम केलं, आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं. जन्मतारीख माहीत नसेल तर तो रकाना कोरा ठेवू.