नकाराचा मान

जुन्या शहराच्या दक्षिणेस वाढलेल्या जुळे सोलापुरांत घराला कुंपण असतें, कुंपणाला फाटक असतें, आणि परका मनुष्य फाटकाशीं थांबून आंतल्या होकाराची वाट पाहतो. परंतु त्याच घरांतील मुलगी शिकवणीस वा नोकरीस बाहेर पडली, कीं तिच्याभोंवतीची मर्यादा मात्र पुष्कळांना दिसत नाहीं. तिचा पाठलाग करावा, भ्रमणध्वनीवर पुनःपुन्हा संदेश धाडावे आणि त्यास प्रेम म्हणावें, ही शिकवण अनेक चित्रपटांनीं दिली. तेथें नायिकेचा नकार हा होकाराचाच लाजरा आरंभ ठरतो.

याच जिल्ह्यांतील नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ (२०१६) मध्यें अकलूजच्या रिंकू राजगुरू हिनें साकारलेली आर्ची निराळी आहे. ती बुलेट चालवते, नजरेला नजर देते आणि आपला जोडीदार स्वतः निवडते. ती निवड घरच्यांना सोसत नाहीं, हीच त्या कथेची शोकांतिका. म्हणजे स्त्रीचा नकार परक्यांनीं मोडावयाचा आणि होकार आप्तांनीं!

स्पष्ट अनिच्छा दाखविल्यावरही स्त्रीचा पाठलाग करून वारंवार संपर्क साधणें हा २०१३ सालीं स्वतंत्र गुन्हा ठरला. २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमांत आहे. परंतु कायदा तक्रारीनंतर येतो. संस्कार त्याआधीं हवा. मुलीला ‘लवकर घरीं ये’ म्हणून बजावणाऱ्या घरांनीं मुलालाही एवढें शिकवावें, कीं नकार ऐकून परत फिरण्यानें पुरुषाचा मान उणावत नाहीं.